समन्स, वॉरंट आणि कागदाची पाठ : बेळगाव सीमाभागातल्या घरांसाठी

निपाणी, चिकोडी, अथणी, हुक्केरी, खानापूर किंवा खुद्द बेळगावात ज्यांच्या दारात पहिल्यांदाच पोलीस कोर्टाचा कागद घेऊन येतात, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. समन्स म्हणजे तारखेला हजर राहण्याचा कोर्टाचा आदेश, वॉरंट म्हणजे अटकेचा. कागद बहुतेक वेळा कन्नडमध्ये असतो. घरातला कर्ता माणूस कामासाठी कोल्हापूरला, पुण्याला किंवा गोव्याला असतो आणि दार उघडते ती म्हातारी आई. ती घाबरून न बघता अंगठा देते, नाहीतर घाबरून दारच लावून घेते. दोन्हीचा त्रास पुढे होतो.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. तुम्ही दारात पोलिसाला काय सांगितलंत ते न्यायाधीशांना ऐकू जात नाही. त्यांच्यासमोर येतो तो कागदाच्या पाठीवर लिहिलेला दोन ओळींचा शेरा: ‘बजावला’, ‘घर बंद’, ‘गाव सोडून गेला’, ‘पत्ता सापडत नाही’, ‘घेण्यास नकार’. तारखेला कोर्ट तो शेरा वाचतं आणि पुन्हा समन्स काढायचं की वॉरंट काढायचं ते ठरवतं. म्हणून दारात उभं राहून करायचं सगळं काम हे तो शेरा खरा आणि पूर्ण लिहिला जावा यासाठी असतं.

१ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. खाली दिलेली कलमं या नव्या संहितेची आहेत. त्याआधीच सुरू असलेल्या खटल्यांच्या कागदांवर जुने आकडे दिसतात. पद्धत मात्र बरीचशी तीच आहे.

समन्स दारापर्यंत कसं येतं

समन्स दोन प्रतींत निघतं. दोन्हीवर न्यायाधीशांची किंवा उच्च न्यायालयाने ठरवलेल्या अधिकाऱ्याची सही आणि कोर्टाचा शिक्का हवा (कलम ६३). कोर्ट ड्युटीचा कॉन्स्टेबल ते गठ्ठ्याने ठाण्यात नेतो, तिथे रजिस्टरला नोंद होते, मग पीएसआय (पोलीस उपनिरीक्षक) ते त्या त्या बीटच्या, म्हणजे भागाच्या, पोलिसाकडे देतात. बीटचा पोलीस एक प्रत तुम्हाला देतो आणि दुसऱ्या प्रतीच्या पाठीवर तुमची सही घेऊन, शेरा मारून, तारखेच्या आत कोर्टाला परत पाठवतो.

हा प्रवास कागदावर सोपा दिसतो. प्रत्यक्षात बंदोबस्त आला की समन्स ठाण्यातच पडून राहतात. बेळगावात विधानसभेचं अधिवेशन, गणपती, १ नोव्हेंबर, निवडणूक असं काही असलं की कॉन्स्टेबल त्या कामाला लागतात आणि मग उद्याच्या तारखेचं समन्स आज रात्री दारात येतं. अशा वेळी ‘एवढ्या उशिरा का आणलं’ म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही. सही करा आणि सहीखाली स्वतःच्या हाताने तारीख आणि वेळ टाका. मराठीत लिहिलं तरी चालतं. उद्या जाणं जमलं नाही आणि वकिलाने पुढची तारीख मागितली, तर समन्स आदल्या रात्री आठला मिळालं हे त्या कागदावरूनच दिसतं.

दारात आलेल्या पोलिसाशी बोलताना हा क्रम ठेवा. आधी नाव आणि ठाणं विचारा, सरळ आणि आदराने. गणवेशावर नावाची पट्टी असते, साध्या वेशात असेल तर ओळखपत्र मागा. मग कागदावरचं नाव, वडिलांचं नाव, वय आणि गाव बघा. नंतर कोर्टाचं नाव, केस नंबर आणि हजर राहण्याची तारीख. केस नंबरात सहसा ‘सी.सी.’ आणि मग आकडा व साल असतं. पोलिसांचा क्राईम नंबर (ठाण्यात नोंदवलेल्या गुन्ह्याचा) वेगळा आणि कोर्टाचा नंबर वेगळा, शक्य असेल तर दोन्ही लिहून घ्या. कन्नड वाचता येत नसेल तर पोलिसालाच वाचून दाखवायला सांगा. सीमाभागातल्या ठाण्यांत मराठी बोलणारा कोणी ना कोणी असतो आणि बहुतेक कॉन्स्टेबल आनंदाने सांगतात. दोन्ही बाजूंचा मोबाइलवर फोटो काढा आणि मगच सही करा.

यात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा: हे समन्स कोणाला म्हणून आहे? आरोपी म्हणून, साक्षीदार म्हणून, की एखादं कागदपत्र घेऊन हजर राहण्यासाठी? गावात साक्षीदाराच्या समन्सालाही लोक घाबरतात, भावकीत कुजबुज सुरू होते. अपघात पाहिलात, पंचनाम्यावर पंच म्हणून सही केलीत, सोसायटीचे सेक्रेटरी आहात, एवढ्यावरूनही साक्षीचं समन्स येतं. साक्षीदाराला येण्याजाण्याचा खर्च सरकारी नियमांप्रमाणे मिळू शकतो. साक्ष झाली की त्याच दिवशी कोर्टाच्या ऑफिसात विचारा, नंतर कोणी बोलावून देत नाही.

समन्स खासगी फिर्यादीवरून निघालेलं असेल (चेक परत गेल्याच्या केसेस या प्रकारात येतात), तर त्यासोबत फिर्यादीची प्रत जोडलेली असायला हवी. जोडलेली नसेल तर सही करताना ‘फिर्यादीची प्रत मिळाली नाही’ एवढं लिहा. वकिलाला पुढे त्याचा उपयोग होतो. चेकच्या केसमध्ये समन्स स्पीड पोस्टाने किंवा कुरिअरनेही येतं, आणि पोस्टमनने ‘नाकारलं’ असा शेरा मारला तर कोर्ट ते बजावलं गेलं असं धरू शकतं. पतसंस्थेचं कर्ज थकलेले लोक पोस्टाचं पाकीट परत पाठवून निश्चिंत होतात, आणि वॉरंट येतं ते नेमकं तिथून.

बजावणीसाठी तुमच्याकडून एक रुपयाही लागत नाही. पेट्रोल, चहा, ‘एंट्रीचा खर्च’ असं काही कायद्यात नाही.

माणूस घरात नसेल तर

पोलिसाने खरा शोध घेऊनही माणूस सापडला नाही, तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या सज्ञान व्यक्तीकडे प्रत देता येते (कलम ६६). जुन्या कायद्यात हा सज्ञान माणूस पुरुषच लागायचा. आता आई, पत्नी, सून, अठरा वर्षांवरची मुलगी कोणीही चालते. हा बदल बऱ्याच घरांत अजून पोहोचलेला नाही. ‘घरात बाप्या माणूस नाही’ म्हणून पोलीस परत जाईल या भरवशावर राहू नका. घरगडी, शेतावरचा सालगडी हा कुटुंबात धरत नाहीत. शेजारी, घरमालक, भाडेकरू यांना दिलेलं समन्सही चालत नाही, आणि शेजाऱ्यानेही मदत म्हणून दुसऱ्याचा कागद सही करून घेऊ नये.

घरच्यांनी घेतलेला कागद देव्हाऱ्यात किंवा कॅलेंडरच्या मागे जातो आणि ज्याच्या नावाचा आहे त्याला महिन्याने कळतं. कोर्टाच्या लेखी मात्र बजावणी झालेली असते. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढंच शिकवून ठेवा: कागद आला की लगेच फोटो पाठवायचा, नाही जमलं तर फोन करून तारीख सांगायची.

मुलगा वेगळा राहत असेल तर आईवडिलांनी सही करू नये. ‘तो इथे राहत नाही, अमुक गावी अमुक ठिकाणी राहतो’ असं स्पष्ट सांगावं, आणि ते शेऱ्यात लिहायला लावावं. पत्ता लपवून ‘माहीत नाही’ म्हणालं, की पाठीवर ‘गाव सोडून गेला’ असं येतं. समन्स टाळण्यासाठी माणूस दडून बसलाय असं कोर्टाला वाटायला तेवढं पुरतं, आणि अशा वेळी समन्साऐवजी थेट वॉरंट काढता येतं (कलम ९०).

कोणीच भेटलं नाही तर पोलीस एक प्रत घराच्या ठळक जागी डकवतो (कलम ६७). दारावर डकवलेला कागद फाडू नका. फोटो काढा, वाचा आणि तारखेला जा. समोर धरलेला कागद हातात घ्यायला नकार दिला तरी सुटका नाही. कायद्याला कागद देऊ करणंही पुरेसं आहे, आणि न्यायालयात हजर राहण्याचं समन्स चुकवण्यासाठी पळून जाणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०६ खाली स्वतंत्र गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

खानापूर, चंदगड, बेळगाव तालुक्यात घरटी कोणीतरी फौजेत असतं. सरकारी नोकरीतल्या माणसाचं समन्स सहसा त्याच्या कार्यालयप्रमुखाकडे जातं (कलम ६८). जवानाच्या नावाचं समन्स घरी आलं तर त्याच्या युनिटचा पत्ता लिहून द्या आणि पाठीवर ‘लष्करी सेवेत, युनिट अमुक’ अशी नोंद करायला सांगा. शिक्षक, तलाठी, सरकारी दवाखान्यातली नर्स यांनाही हेच लागू. भागीदारीतल्या फर्मचं समन्स, मग ती निपाणीची तंबाखूची पेढी असो की बेळगावच्या उद्यमबागेतलं फौंड्रीचं युनिट, कोणत्याही एका भागीदाराला बजावलं तरी चालतं. बाकीच्या भागीदारांना कळवण्याची जबाबदारी मग त्या भागीदाराची.

नाव एक, माणसं चार

आपल्या भागात बजावणीत सर्वांत जास्त घोळ नावांचा होतो. एकाच गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे तिघे-चौघे असतात, कधी वडिलांचं नावही जुळतं. कन्नडमधून मराठी नाव लिहिताना अक्षर बदलतं. आंदोलनाच्या केसमध्ये चाळीस-पन्नास नावांची यादी असते आणि पत्त्यात फक्त गावाचं नाव असतं. मळ्यातल्या वस्तीवर घर असेल तर गावातल्या जुन्या घराला चकरा होतात आणि ‘सापडत नाही’ असा शेरा पडत राहतो.

कागद दुसऱ्याचा असेल तर हातात घेऊन नंतर निस्तरू म्हणू नका. आधार कार्ड आणि मतदार ओळखपत्र दाखवा, वय आणि वडिलांचं नाव जुळत नाही हे दाखवून द्या, आणि ‘या नावाचा इसम वेगळा आहे’ अशी नोंद मागा. मग त्याच दिवशी ठाण्यात पीएसआयच्या नावे अर्ज द्या आणि त्याच्या झेरॉक्सवर पोहोच घ्या. वॉरंटाच्या वेळी हे आणखी महत्त्वाचं ठरतं, कारण तेव्हा चूक झाली तर माणूसच उचलला जातो. त्या वेळी क्राईम नंबर विचारा, त्या केसच्या एफआयआरमधलं किंवा आरोपपत्रातलं वय आणि पत्ता तपासायला सांगा. ठाण्याच्या हद्दीतलीच केस असेल तर पोलिसांच्या रेकॉर्डवर आरोपीचा फोटो असण्याची शक्यता असते.

मोबाइलवर आलेला कागद

आता कोर्टाचं समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही येऊ शकतं. त्यावर कोर्टाच्या शिक्क्याची प्रतिमा किंवा डिजिटल सही हवी. असा मेसेज आला की तो खरा आहे की नाही हे ई-कोर्ट्स सेवेच्या अ‍ॅपवर केस नंबर किंवा पक्षकाराचं नाव टाकून बघा. प्रत्येक केसला सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक असतो, त्याची सुरुवात कर्नाटकातल्या केसला ‘के ए’ने आणि महाराष्ट्रातल्या केसला ‘एम एच’ने होते. केस तिथे दिसली आणि पुढची तारीख जुळली, की कागद खरा धरून चाला.

पोलिसांची हजर राहण्याची नोटीस मात्र वेगळी. तपासात आरोपीला बोलावण्यासाठी कलम ३५(३) खाली जी नोटीस देतात ती व्हॉट्सअ‍ॅपवर देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. ती कायद्यात सांगितलेल्या पद्धतीने प्रत्यक्षच बजावायला हवी. साक्षीदाराला पोलीस स्वतः लेखी आदेशाने बोलावू शकतात (कलम १७९), पण स्वतःच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतल्या माणसालाच. स्त्री, पंधराच्या आतला मुलगा, साठीपुढचा पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस यांना साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी यायचं.

व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो, ‘तुमच्या नावाचं वॉरंट आहे, कॅमेरा बंद करू नका, पैसे या खात्यात भरा’ म्हणतो. हे शंभर टक्के फसवणूक आहे. ‘डिजिटल अटक’ असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. फोन ठेवा आणि १९३० वर तक्रार करा.

जामीनपात्र वॉरंट

समन्स बजावूनही तुम्ही आला नाहीत, की पुढची पायरी सहसा जामीनपात्र वॉरंट. सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या इंदर मोहन गोस्वामी निकालात हा क्रमच घालून दिला: आधी समन्स, मग जामीनपात्र, आणि त्यानेही काम झालं नाही तरच अजामीनपात्र (ज्यात पोलीस सोडू शकत नाहीत, कोर्टापुढेच नेतात). गंभीर गुन्ह्यात कोर्ट यातली पायरी गाळू शकतं.

जामीनपात्र वॉरंटावर किती जामीनदार, किती रुपयांचा जातमुचलका (बंधपत्र) आणि कोणत्या तारखेला हजर राहायचं, हे लिहिलेलं असतं (कलम ७३). तेवढी पूर्तता केली की पोलीस तुम्हाला सोडतात आणि तो बंधपत्राचा कागद कोर्टाला पाठवतात. ही रक्कम पोलिसाच्या हातात रोख द्यायची नसते. बंधपत्राचा अर्थ एवढाच: तारखेला आलो नाही तर ही रक्कम माझ्याकडून आणि माझ्या जामीनदाराकडून वसूल करावी. जामीनदाराचं आधार, फोटो आणि जमिनीचा उतारा जवळ असला की काम अर्ध्या तासात होतं. जामीनदार मिळाला नाही तर मात्र कोर्टात नेतात.

यात घोटाळा होतो तो असा. बंधपत्र दिलं, पोलीस गेले, ‘मिटलं’ असं वाटलं आणि तारखेला कोणी गेलंच नाही. मग येणारं वॉरंट अजामीनपात्र असतं, आणि जामीनदारालाही नोटीस येते. ज्या मेव्हण्याने तुमच्यासाठी उतारा दिला त्याच्यावर रकमेची वसुली लागते.

अजामीनपात्र वॉरंट आणि अटक

वॉरंट लेखी, सहीशिक्क्याचं असतं, आणि कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा बजावलं जाईपर्यंत जिवंत राहतं (कलम ७२). सहा महिने झाले, वर्ष झालं, म्हणून ते आपोआप मरत नाही. निवडणुका जाहीर झाल्या की प्रलंबित वॉरंटांचा निपटारा वरून मागितला जातो, आणि चार वर्षं जुनं वॉरंट अचानक पहाटे दारात येतं.

कोर्टाने वॉरंट ठाण्याच्या अधिकाऱ्याच्या नावे काढलेलं असतं. तो स्वतः आला नाही तर ज्याला पाठवलं त्याचं नाव वॉरंटाच्या पाठीवर लिहिलेलं हवं (कलम ७६). अटक करणाऱ्याने वॉरंटातला मजकूर सांगायला हवा, आणि तुम्ही मागितलं तर वॉरंट दाखवायला हवं (कलम ७७). ‘ठाण्यात चला, तिथे दाखवतो’ हे उत्तर योग्य नाही. बघताना कोर्ट, केस नंबर, नाव आणि पाठीवरची नोंद एवढ्या चार गोष्टी बघा.

दार न उघडणं हा मार्ग नाही. आपण कोण आणि कशासाठी आलो हे सांगून, दार उघडायला सांगूनही उघडलं नाही, तर पोलीस दार तोडून आत येऊ शकतात (कलम ४४). स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीतच, महिला पोलीस अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊन ती करायची असते. स्त्रीच्या अंगाला पुरुष पोलिसाने हात लावू नये, हेही कायद्यातच आहे (कलम ४३).

अटक होताना अटक पंचनामा तयार होतो. त्यावर घरातल्या किंवा भागातल्या एका प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची सही असते (कलम ३६). वेळ आणि ठिकाण नीट बघून सही करा, कारण चोवीस तासांचं घड्याळ तिथून सुरू होतं. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत माणूस न्यायाधीशांपुढे गेला पाहिजे. शनिवारी रात्री अटक झाली तर सोमवारची वाट बघायची नसते, सुट्टीच्या दिवशी ड्युटीवरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या घरी हजर करतात. अंगावरच्या वस्तू काढून घेतल्या तर त्याची पावती मागा. मधुमेह, रक्तदाब असेल तर औषधं आणि डॉक्टरची चिठ्ठी सोबत द्या, आणि वैद्यकीय तपासणीत जुनं दुखणं सांगा.

अटकेची कारणं माणसाला समजेल अशा भाषेत लेखी द्यायला हवीत, आणि रिमांडसाठी (कोठडी मागण्यासाठी) हजर करण्याच्या किमान दोन तास आधी ती त्याच्या हातात असावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं. कन्नड न येणाऱ्या सीमाभागातल्या माणसाला हा निकाल फार कामाचा आहे. वॉरंटावरच्या अटकेत वॉरंट हेच कारण धरलं जातं. तेव्हा ते कळेल अशा भाषेत वाचून घेण्याचा आग्रह धरा.

घरच्यांनी त्या गडबडीत तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: कुठलं ठाणं, कुठलं कोर्ट, केस नंबर काय. एवढ्यावर वकील काम सुरू करू शकतो. वकील नसेल तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा. कोठडीतल्या माणसाला, स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

सीमेपलीकडचं वॉरंट

वॉरंट भारतात कुठेही बजावता येतं (कलम ७९). निपाणी कोर्टाचं वॉरंट सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की संपत नाही, आणि गडहिंग्लजचं वॉरंट संकेश्वरात चालत नाही असंही नाही. मात्र पलीकडे बजावताना रीत आहे. कोर्ट वॉरंट तिकडच्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तांकडे पाठवतं. बेळगाव शहरात पोलीस आयुक्त, जिल्ह्याच्या बाकीच्या भागात अधीक्षक. ते त्यावर नाव टाकून स्थानिक पोलिसांकडून बजावतात. नाहीतर मूळ ठाण्याचा पोलीस स्वतः वॉरंट घेऊन येतो, आणि स्थानिक ठाण्याच्या अधिकाऱ्याची पाठीवर नोंद घेऊन बजावतो. उशीर झाला तर माणूस निसटेल असं असेल तरच नोंदीशिवाय अटक चालते (कलम ८१). म्हणून बाहेरचे पोलीस आले की स्थानिक ठाण्याला फोन करून खातरजमा करा, नाही लागला तर ११२.

अटकेनंतर कुठे नेतात, याला तीस किलोमीटरचं माप आहे (कलम ८२). वॉरंट काढणारं कोर्ट अटकेच्या जागेपासून तीस किलोमीटरच्या आत असेल तर थेट तिथे नेता येतं. निपाणी कोर्टाच्या वॉरंटावर कागलमध्ये अटक, किंवा बेळगाव कोर्टाच्या वॉरंटावर शिनोळीत अटक, ही अंतरं या मापात बसतात. अथणी कोर्टाच्या वॉरंटावर मिरजेत अटक झाली तर आधी तिथल्या दंडाधिकाऱ्यापुढे किंवा पोलीस अधिकाऱ्यापुढे नेलं पाहिजे. तिथेच थांबण्याचं कारण हे: वॉरंट जामीनपात्र असेल तर तिथल्या तिथे जामीन देता येतो, आणि अजामीनपात्र असलं तरी त्या जिल्ह्याचे मुख्य न्यायदंडाधिकारी किंवा सत्र न्यायाधीश जामिनाचा विचार करू शकतात (कलम ८३). बहुतेक कुटुंबं ही पायरी मागतच नाहीत.

पलीकडच्या कोर्टात जामीनदार ‘इथलाच’ आणा, असं सांगितलं जातं. चिकोडी कोर्टात सातबाऱ्याला आणि कोल्हापूर कोर्टात आरटीसी उताऱ्याला (कर्नाटकातल्या सातबाऱ्याला) नाक मुरडलं जातं. दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारणं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या मोतीराम निकालात चुकीचं ठरवलं आहे. वकिलाने तो निकाल तोंडी न सांगता अर्जात लिहावा. वर दाद मागायची झाली तर कर्नाटकातल्या कोर्टाच्या आदेशासाठी धारवाड खंडपीठ, आणि कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्गातल्या आदेशासाठी ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे. मुंबईची फेरी वाचली.

वॉरंट निघालंय हे कळलं तर

पोलीस येण्याची वाट बघू नका. ई-कोर्ट्सवर केसची स्थिती बघा, वकील घ्या आणि पुढच्या कामाच्या दिवशी स्वतः कोर्टात हजर होऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. गैरहजेरीचं खरं कारण पुराव्यासकट जोडा: दवाखान्याचे कागद, नोकरीचं हजेरीपत्रक, बजावणी चुकीच्या पत्त्यावर झाल्याची झेरॉक्स. कोर्ट थोडा खर्च लावतं, नवं बंधपत्र घेतं आणि बहुतेक वेळा वॉरंट मागे घेतं. पुढे दर तारखेला येणं अशक्य असेल तर वैयक्तिक हजेरीतून सूट मागता येते. हा अर्ज समन्स मिळाल्यावर पहिल्याच तारखेला दिला असता तर वॉरंटच निघालं नसतं.

टाळतच राहिलं तर कोर्ट उद्घोषणा काढतं (कलम ८४). ती गावात ठळक जागी वाचली जाते, घरावर आणि कोर्टात लावली जाते, आणि हजर होण्यासाठी किमान तीस दिवस मिळतात. उद्घोषणा निघाली की मालमत्तेवर जप्तीही येऊ शकते, आणि उद्घोषणेनंतरही न येणं हा तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा वेगळा गुन्हा आहे. दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या केसमध्ये ‘फरारी’ घोषित झालं की ती शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते.

वॉरंट रद्द झालं की काम संपलं असं समजू नका. कोर्टाने रद्द केलेलं वॉरंट ठाण्याच्या रजिस्टरला तसंच पडून राहतं, आणि महिन्याने दुसरा कॉन्स्टेबल ते घेऊन येतो. रद्द केल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागा. तिच्या दोन झेरॉक्स काढा. एक ठाण्यात देऊन दुसरीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव घ्या, आणि रजिस्टरमध्ये त्या वॉरंटासमोर ‘रद्द’ अशी नोंद झाली का ते विचारा. वॉरंट सीमेपलीकडच्या ठाण्याकडे गेलं असेल तर तिथेही हेच करा. पोहोच घेतलेली झेरॉक्स खटला संपेपर्यंत गाडीच्या कागदांबरोबर ठेवा, आणि तिचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर असू द्या.